राजमार्गाचे नाव लाभलेली मोटार

रोम शहरातून बाहेर पडणाऱ्या प्राचीन राजमार्गांपैकी एक मार्ग समुद्राला डाव्या हाताला ठेवून वायव्येस पिसा नगराकडे जातो. इसवी सनापूर्वीच्या तिसऱ्या शतकात बांधावयास घेतलेल्या या मार्गाचे नाव ऑरेलिया. रोमन सैन्ये या मार्गाने गेली, व्यापाऱ्यांचे तांडे गेले, यात्रेकरू गेले. त्यानंतर दोन हजारांहून अधिक वर्षांनी, म्हणजे १९५० सालच्या मे महिन्यात, ट्यूरिन येथील मोटारींच्या प्रदर्शनात लान्चा कंपनीने एक नवी गाडी मांडली आणि तिला या राजमार्गाचे नाव दिले. कंपनीच्या पूर्वीच्या कित्येक गाड्यांना ग्रीक वर्णमालेतील अक्षरांची नावे होती. ऑरेलियानंतर मात्र आप्पिया, फ्लामिनिया, फ्लाविया, फुल्विया अशी रोमन मार्गांची नावे ओळीने येत गेली. या ऑरेलियाची, आणि विशेषतः पुढच्याच वर्षी तिच्यापासून निघालेल्या बी-२० या दोन दारी गाडीची हकीकत ही यंत्रविद्येच्या इतिहासातील एक सुंदर आणि काहीशी करुण हकीकत आहे.

तिचा आरंभ मात्र फार मागे, विन्चेन्झो लान्चा यांच्यापासून करावा लागतो. आल्प्स पर्वताच्या पायथ्याशी असलेल्या फोबेल्लो या लहानशा गावी १८८१ साली त्यांचा जन्म झाला. ट्यूरिनमध्ये चेइरानो यांच्या सायकलींच्या कारखान्यात ते हिशेबनीस म्हणून लागले. पण वह्यांतील आकड्यांपेक्षा कारखान्यातील यंत्रांकडे त्यांचे मन अधिक धावे. पुढे फिआट कंपनीचे शर्यतपटू म्हणून त्यांनी नाव मिळविले आणि १९०६ साली क्लाउदियो फोगोलिन या सहकाऱ्याबरोबर स्वतःची कंपनी काढली. विन्चेन्झो यांचा स्वभाव असा की, दुसऱ्याने केले म्हणून आपण करावयाचे, ही गोष्टच त्यांना मानवत नसे. १९२२ साली त्यांनी लाम्ब्दा नावाची गाडी जगापुढे ठेवली. त्या काळी मोटार म्हणजे खाली लोखंडी चौकट आणि वर बैलगाडीच्या साट्यासारखे स्वतंत्र बसविलेले शरीर, अशी रचना असे. लाम्ब्दाला अशी निराळी चौकटच नव्हती. जहाजाचा सांगाडा जसा स्वतःच्याच बांधणीने भार सोसतो तसे तिचे शरीर हाच तिचा कणा होता. पुढच्या चाकांना एकमेकांपासून स्वतंत्र हालचाल करता येईल अशी योजनाही तीत होती. या दोन कल्पना पुढे साऱ्या जगाने उचलल्या.

विन्चेन्झो १९३७ साली वयाच्या अवघ्या पंचावन्नाव्या वर्षी निवर्तले. कारखान्याचा भार त्यांच्या पत्नी आदेले यांच्यावर आला. पतीच्या पश्चात त्यांनी एक मोठा माणूस कारखान्यात आणला. ते म्हणजे आल्फा रोमिओ कंपनीसाठी शर्यतींच्या जगद्विख्यात गाड्या घडविणारे अभियंते वित्तोरियो यानो. लवकरच महायुद्धाचा वणवा पेटला. ट्यूरिनवर बॉम्बवर्षाव झाले, कारखान्याचे काम विखुरले गेले, आणि नव्या गाड्यांचा विचार करणे हीच एक चैन ठरली. अशा त्या दिवसांत यानो यांच्या हाताखालील फ्रांचेस्को दे विर्जिलिओ नावाचे अभियंते एका गणिती कोड्यात बुडालेले होते.

ते कोडे थोडक्यात असे. चार सिलिंडरांचे इंजिन आटोपशीर असते, पण काहीसे खडबडीत चालते. सहा सिलिंडर एका ओळीत मांडले म्हणजे इंजिनाला मोठी सौम्य लय येते. परंतु ते लांब होते आणि गाडीचे नाक पुढे सरकते. तेव्हा तीन सिलिंडर एका बाजूस व तीन दुसऱ्या बाजूस असे तिरपे मांडून इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराचे सहा सिलिंडरांचे इंजिन का करू नये? कल्पना नवी नव्हती. पण असे इंजिन चालू लागले की ते थरथरे. समोरासमोरच्या दोन दट्ट्यांचे दांडे भुजादंडाच्या एकाच वळशाला जोडले तर स्फोटांमधील अंतर सारखे राहत नाही आणि साऱ्या यंत्राला धक्के बसू लागतात. म्हणूनच मोटारींच्या कारखान्यांनी या रचनेकडे बहुधा पाठ फिरविली होती. दे विर्जिलिओ यांनी युद्धकाळात, १९४३ च्या सुमारापासून, निरनिराळ्या कोनांचे हिशेब मांडून पाहिले. अखेर त्यांनी दोन ओळींमध्ये साठ अंशांचा कोन धरला आणि प्रत्येक दांड्याला भुजादंडावर त्याचा स्वतःचा स्वतंत्र वळसा दिला. सहा वळसे साठ-साठ अंशांच्या अंतराने वर्तुळात मांडले गेले आणि भुजादंडाच्या प्रत्येक एकशेवीस अंशांच्या फेऱ्याला एक याप्रमाणे स्फोट अगदी नियमित होऊ लागले. इंजिन आखूड राहिले आणि थरथरही जवळजवळ गेली. विक्रीसाठी नियमितपणे बनविलेल्या मोटारीत बसलेले जगातील पहिले व्ही-सहा इंजिन म्हणून याची नोंद झालेली आहे. पुढे अनेक देशांतील अनेक कारखान्यांनी या जातीची इंजिने अगणित संख्येने बनविली. मात्र ज्यांच्या गणितातून त्यांचा मार्ग मोकळा झाला त्या दे विर्जिलिओंचे नाव त्या गाड्या चालविणाऱ्यांपैकी फारच थोड्यांच्या कानी पडले असेल.

ऑरेलियाचे नावीन्य इंजिनापुरतेच नव्हते. इंजिन पुढे, परंतु क्लच आणि गिअरबॉक्स मात्र मागच्या चाकांपाशी, अशी तिची मांडणी होती. कावडीच्या दोन्ही टोकांना सारखे ओझे बांधले म्हणजे ती खांद्यावर स्थिर राहते, तसा गाडीचा भार पुढच्या आणि मागच्या चाकांवर तोलून वाटला गेला. मागचे ब्रेकही चाकांत न ठेवता मध्यभागी, गिअरबॉक्सला लागून बसविले होते. त्यामुळे रस्त्याच्या खाचखळग्यांबरोबर वरखाली होणारे चाकांचे वजन कमी झाले. इंजिनापासून मागे जाणारा दंड या रचनेत इंजिनाच्याच गतीने फिरतो. तो अतिशय काळजीपूर्वक तोलावा लागे. या साऱ्याला कुशल कारागीर हवेत, वेळ हवा आणि पैसा हवा. पुढे १९७२ साली आल्फा रोमिओच्या आल्फेत्ता गाडीने आणि त्यानंतर जर्मनीतील पोर्श कंपनीच्या काही गाड्यांनी गिअरबॉक्स मागे ठेवण्याची हीच वाट धरली, यावरून लान्चाची झेप ध्यानात यावी.

कारखान्याची सूत्रे तोपर्यंत विन्चेन्झो यांचे चिरंजीव जिआन्नी यांच्या हाती आलेली होती. ऑरेलिया प्रदर्शनात उभी राहिली तेव्हा त्यांनी वयाची पंचविशी पार केलेली होती, एवढेच. पहिली ऑरेलिया ही चार दारांची, कुटुंबाने बसावयाची गाडी होती. तिचे इंजिन १,७५४ घन सेंटिमीटरांचे आणि शक्ती ५६ अश्वशक्ती. गाडीचा सांगाडा इतका उत्तम की त्यास याहून कितीतरी अधिक बळ पेलेल, हे जाणकारांच्या तत्काळ ध्यानी आले. जिआन्नींच्याही ते ध्यानी आलेच होते. १९५१ सालच्या ट्यूरिन प्रदर्शनात बी-२० अवतरली. तिचे इंजिन वाढवून १,९९१ घन सेंटिमीटरांचे केलेले होते आणि शक्ती ७५ अश्वशक्ती झाली होती. छत पाठीमागे एका अखंड उतारात खाली येते, अंगावर नक्षीचा वा चकाकत्या पट्ट्यांचा सोस नाही, आणि डोळा कोठे अडखळत नाही, असे तिचे रूप होते. या आकृतीचे श्रेय गिया कारखान्यातील मारिओ बोआनो यांना देण्यात येते. आरंभीची शरीरे व्हिओत्ती यांच्या कारखान्यात बनली आणि पुढे ते काम पिनिन फारिना यांच्याकडे गेले.

या गाडीला 'ग्रान तुरिस्मो' असे बिरुद लावण्यात आले. त्याचा अर्थ थोर प्रवास, दूरचा प्रवास. शब्द जुनाच होता. आल्फा रोमिओने वीस वर्षांपूर्वी तो वापरलेला होता. परंतु त्या शब्दाला आज जो अर्थ चिकटला आहे तो पुष्कळ अंशी बी-२० मुळे. शर्यतीची गाडी वेगवान असते, पण तीत बसून दूरच्या गावी जाणे ही शिक्षाच असते. प्रवासी गाडी सुखकर असते, पण घाट लागला की ती धापा टाकू लागते. दोघांनी आपले सामान घेऊन बंद छताखाली आरामात बसावे, ट्यूरिनहून निघून संध्याकाळी रोम गाठावे, वाटेतल्या डोंगरी वळणांचा आनंद लुटावा, आणि त्याच गाडीने पुढच्या रविवारी शर्यतीतही उतरावे, ही कल्पना बी-२० ने प्रत्यक्षात आणली.

आणखी एक लहानसे वैशिष्ट्य भारतातील वाचकांना मौजेचे वाटेल. इटलीत वाहने रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात, म्हणजे चालकाची जागा डावीकडे असावयास हवी. परंतु लान्चाच्या गाड्यांत सुकाणूचे चाक दीर्घकाळ आपल्याकडील गाड्यांप्रमाणे उजव्या बाजूसच राहिले. डोंगरी रस्त्यावर दरीकडची कड चालकाच्या नजरेखाली असावी, हे त्याचे कारण सांगितले जाते. इतरांनी ही रीत सोडल्यावरही लान्चाने ती बरीच वर्षे सोडली नाही.

गाडीची खरी पारख रस्त्यावर. १९५१ सालच्या एप्रिल अखेरीस उत्तर इटलीतील ब्रेशिया गावाहून निघून रोमला वळसा घालून परत ब्रेशियाला येणारी मिल्ले मिल्या ही हजार मैलांची शर्यत झाली. साधे, रोजच्या वापरातील रस्ते, गावांमधून जाणाऱ्या अरुंद वाटा आणि पावसाने निसरडी झालेली वळणे. जोव्हान्नी ब्राक्को आणि उम्बेर्तो मालिओली हे दोघे बी-२० घेऊन तीत उतरले. त्या वर्षी लुइजी व्हिल्लोरेसी यांची फेरारी प्रथम आली. तिचे इंजिन चार लिटरांहून मोठे, म्हणजे ऑरेलियाच्या दुपटीहूनही मोठे होते. आणि तिच्यामागोमाग, तेरा तासांच्या प्रवासानंतर केवळ सुमारे २० मिनिटांच्या अंतराने, दुसऱ्या क्रमांकावर आली ती ही बंद छताची प्रवासी गाडी. त्याच वर्षी फ्रान्समधील ल मान्स येथील चोवीस तासांच्या शर्यतीत ब्राक्को आणि काउंट जोव्हान्नी लुरानी यांनी दोन लिटरांच्या वर्गात पहिला क्रमांक पटकाविला.

पुढील वर्षी, १९५२ साली, मिल्ले मिल्यामध्ये लुइजी फाजिओली तिसरे आले. युद्धापूर्वीच्या पिढीतील हा नामांकित शर्यतपटू तेव्हा त्रेपन्न वर्षांचा होता, आणि जर्मन मर्सिडीज गाडीत बसलेले त्यांचे जुने प्रतिस्पर्धी रुडॉल्फ काराचिओला त्यांच्या मागे राहिले. पण हे यश फार काळ भोगण्याचे त्यांच्या नशिबी नव्हते. थोड्याच आठवड्यांनी मोनॅको येथे सराव करीत असता भुयारी रस्त्यात त्यांच्या ऑरेलियाला अपघात झाला आणि जून महिन्यात त्यांचा अंत झाला. त्याच वर्षी सिसिली बेटातील तार्गा फ्लोरिओ या डोंगरी शर्यतीत पहिल्या तिन्ही जागा ऑरेलियांनी घेतल्या. विजेते होते फेलिचे बोनेत्तो. १९५३ सालची लिएज-रोम-लिएज ही अखंड धावेची खडतर चाचणी बेल्जियमच्या जॉनी क्लाएस आणि त्यांच्या सहकाऱ्याने ऑरेलियातून जिंकली. १९५४ साली मोंटे कार्लो रॅलीत मोनॅकोचेच सुपुत्र लुई शिरों विजयी झाले. गाडीचा जमाना सरत आला असता, १९५८ साली, ग्रीसमधील अक्रोपोलिस रॅलीही तिने जिंकली; आणि त्या वेळी तिचे चालक होते तेच व्हिल्लोरेसी, ज्यांनी सात वर्षांपूर्वी मिल्ले मिल्यामध्ये तिला मागे टाकले होते.

कारखान्याने दरम्यान गाडीत सुधारणा चालूच ठेवल्या. १९५३ सालच्या तिसऱ्या आवृत्तीत इंजिन २,४५१ घन सेंटिमीटरांचे झाले आणि शक्ती ११८ अश्वशक्तीपर्यंत गेली. शक्ती वाढली तसा एक दोषही उघड झाला. वेगात वळण घेताना चालकाने एकाएकी पाय मागे घेतला तर मागची चाके बाहेर फेकली जात. सराईत चालकाला ते सांभाळता येई, परंतु कुटुंब घेऊन निघालेल्या गृहस्थाला ते कसे जमावे? तेव्हा १९५४ साली, ज्या स्वतंत्र रचनेचा कारखान्याला अभिमान होता ती मागील रचना बाजूस सारून, दोन्ही चाकांना एका नळीने जोडणारी द दिओं पद्धतीची रचना बसविण्यात आली. गाडी रस्त्याला अधिक घट्ट धरून चालू लागली. आपल्याच कल्पनेला प्रसंगी मुरड घालण्याचा हा विवेक अभिजात कारागिरीचेच लक्षण होय. बी-२० च्या एकूण सहा आवृत्त्या निघाल्या आणि १९५८ साली तिचे उत्पादन थांबले. तोवर तयार झालेल्या गाड्यांची संख्या चार हजारांच्याही आतच होती.

एवढी कीर्ती आणि एवढी थोडी संख्या, यातच कारखान्याच्या दुखण्याचे मूळ होते. फिआट कंपनी त्याच ट्यूरिन शहरात सामान्य माणसाला परवडणाऱ्या गाड्या फार मोठ्या संख्येने काढीत होती. लान्चाच्या गाड्यांत मात्र घडणीचा खर्च मोठा आणि गिऱ्हाईक मोजके. त्यातच जिआन्नींनी शर्यतींच्या जगात अधिकाधिक मोठी उडी घेतली. यानो यांनी खास शर्यतीसाठी घडविलेल्या गाड्या आल्या. १९५३ च्या नोव्हेंबरात मेक्सिको देशाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत धावणाऱ्या शर्यतीत लान्चाने पहिले तिन्ही क्रमांक मिळविले. पण त्याच शर्यतीत तार्गा फ्लोरिओचे विजेते बोनेत्तो प्राणास मुकले. १९५४ साली ग्रां प्री शर्यतींसाठी डी-५० ही विलक्षण गाडी तयार झाली आणि तिच्यासाठी दोनदा जगज्जेते ठरलेले आल्बेर्तो आस्कारी यांना आणण्यात आले. २२ मे १९५५ रोजी मोनॅकोच्या शर्यतीत आस्कारी यांची गाडी धक्का ओलांडून थेट समुद्रात पडली. ते पोहून बाहेर आले. साऱ्या इटलीने सुटकेचा निःश्वास टाकला. अवघ्या चार दिवसांनी, २६ मे रोजी, मोन्झा येथे एका फेरारी गाडीत सहज एक फेरी मारावयास ते गेले आणि तेथेच त्यांचा अंत झाला.

लान्चाचा आधारस्तंभ कोसळला आणि तिजोरी तर आधीच रिकामी होत आलेली होती. त्याच वर्षीच्या जुलैमध्ये शर्यतीच्या सर्व डी-५० गाड्या फेरारीच्या स्वाधीन करण्यात आल्या. त्यांच्याच सुधारलेल्या रूपावर बसून हुआन मान्युएल फान्जिओ यांनी १९५६ सालचे जगज्जेतेपद मिळविले. गौरव झाला तो मात्र फेरारीच्या नावाने. कंपनीची मालकी लान्चा घराण्याकडून सिमेंटच्या व्यवसायातील धनिक कार्लो पेसेन्ती यांच्याकडे गेली. जिआन्नी कारखान्यातून बाहेर पडले. पित्याने उभारलेले घर तिशीच्या उंबरठ्यावर असलेल्या पुत्राच्या हातून गेले. पुढे १९६९ साली ती कंपनीही फिआटच्या छत्राखाली गेली. ज्या फिआटची गाडी चालवून विन्चेन्झो यांनी नाव मिळविले होते, तिच्याच घरी त्यांच्या कंपनीला अखेर आसरा घ्यावा लागला.

जिआन्नी लान्चा यांनी चुकीचे केले काय, असा प्रश्न येथे उभा राहतो. व्यापाराच्या वहीत पाहिले तर उत्तर सरळ आहे. गिऱ्हाईक न पाहता गाडी घडविली, मिळकत न पाहता शर्यतींवर खर्च केला; असा व्यवहार टिकणे शक्यच नव्हते, आणि त्याची झळ कारखान्यात राबणाऱ्यांनाही लागल्याशिवाय राहिली नसेल. परंतु दुसरीही एक बाजू आहे. दे विर्जिलिओंनी मांडलेल्या हिशेबांवर युद्धाने खचलेल्या देशातील एका कारखान्याने पैसा लावला, धीर धरला आणि ती कल्पना लोखंडात व अॅल्युमिनियमात उतरविली, म्हणून पुढच्यांना ती वाट मिळाली. केवळ नफ्याकडे पाहणाऱ्या मालकाने ते कागद बहुधा कपाटात ठेवून दिले असते. नव्या कल्पनेची किंमत एकाने मोजावी आणि तिचे फळ दुसऱ्याने चाखावे, असे यंत्रविद्येच्या इतिहासात वारंवार घडत आलेले आहे. ऑरेलियाच्या बाबतीत ती किंमत एका घराण्याने आपल्या नावाचा कारखाना देऊन चुकती केली.

ऑरेलियाची उघड्या छताची एक बहीण बी-२४ या नावाने १९५५ साली निघाली. दिनो रिसी या दिग्दर्शकाच्या १९६२ सालच्या 'इल सोर्पासो' या इटालियन चित्रपटात तीच गाडी सुसाट धावताना दिसते. एक बेफिकीर गृहस्थ आणि एक लाजाळू विद्यार्थी सुटीच्या दिवशी रोमहून निघतात, आणि त्यांचा रस्ताही ऑरेलियाच. भराभर श्रीमंत होत चाललेल्या देशाचा सारा उल्हास त्या धावेत आहे, आणि त्या धावेचा शेवट समुद्रकाठच्या कड्यावर होतो. ज्या राजमार्गाने गाडीला नाव दिले त्याच राजमार्गावर ती चित्रपटात अमर झाली.

आज बी-२० गाड्या जुन्या वाहनांच्या संग्रहांत जपल्या जातात, आणि मिल्ले मिल्याच्या स्मरणार्थ ब्रेशियाहून दरवर्षी निघणाऱ्या जुन्या गाड्यांच्या मिरवणुकीत त्या अजूनही धावतात. गावोगावचे लोक रस्त्याच्या कडेला उभे राहून त्यांना हात करतात. त्यांतील बहुतेकांना साठ अंशांचा कोन ठाऊक नसतो आणि सहा वळशांचे गणितही ठाऊक नसते. वळणावरून सहजपणे निघून जाणारी गाडी तेवढी त्यांना दिसते. ही सहजता यावी म्हणूनच युद्धाच्या काळोख्या दिवसांत एक अभियंता कागदावर कोन मांडीत बसला होता.